उष्टा कप

कॉफी पिऊन झाली तशी माझी आई उठली. कपबशी हातात घेतलीन, ओटीच्या पायऱ्या उतरली आणि घराला वळसा घालून मागीलदारी गेली. तिथं न्हाणीचं पाणी पाटातून केळींना जायचं. त्या पाण्यात तिनं कप बुडवला, चिमूटभर राख लावून घासला, परत बुडवला, पदरानं पुसला. परसाच्या कडेला चिऱ्यांचा गडगा, बुटकी भिंत, तिच्यात एक भोक होतं. त्या भोकात कप पालथा घातला, बशी टेकवून ठेवली. आणि हात पुसत पुसत परत ओटीवर येऊन, जिथं तिला बसवली होती तिथंच बसली.

ओटीवर भाषण चाललं होतं. डॉक्टरीणबाई उभ्या राहून सांगत होत्या की आपण सगळ्या बायका एका आईच्या लेकी. तेवढ्यात घरची मोलकरीण गंगू मागनं ओरडत आली, "अगो बया! भागीनं नवा कप न्हाणीच्या पाण्यात विसळलान नि गडग्यात ठेवलान!"

हसू फुटलं. एकीला आलं, मग दुसरीला, मग सगळ्यांना. डॉक्टरीणबाईंचं भाषण राहिलं बाजूला, त्या कठड्याला धरून हसत होत्या. वकीलीणबाईंचं घर ते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून.

"अगो भागे," त्या म्हणाल्या, "आज तू पाहुणी ना? पाहुणी कधी कप विसळायला जाते का गो?"

आईपण हसली. तोंडाला पदर लावून, मान खाली घालून. काहीतरी गंमत झाली, एवढं तिला कळलं. कुणाची झाली, ते कळलं नाही.

मी हसले नाही. मी तिच्या शेजारी बसले होते. मला वाटलं, इथल्या इथं मरावं. नाही, खोटं कशाला बोलू. मला एकेकीला धरून मारावंसं वाटलं. पण हात मांडीवरच राहिले. मांडीवरचे हात उचलायला मला पुढं वर्ष लागलं, आणि उचलून काय मिळालं तेही सांगते.

आम्ही महार. रत्नागिरीला बाजाराच्या खालच्या अंगाला आमचा वाडा. बापूस मी लहान असतानाच गेला. आई गावावरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर जाऊन वाळकी लाकडं तोडायची, मोळी बांधायची आणि वरच्या आळीतल्या घरांना घालायची. मोळी मागीलदारी टाकायची, लांब उभं राहायचं. वकिलांकडं गंगू यायची, मोळीवर पाणी शिंपडायची, मग ती घरात जायची. मोळी शुद्ध झाली. आई तशीच उभी.

मोळी घातली की आई बाजारातल्या हॉटेलमागं जायची. हॉटेल म्हणजे माडाच्या झापांचं खोपटं, पुढं दोन बाकडी. बाकड्यांवर आम्ही नाही. आम्हाला मागं. मागच्या गडग्यात आमच्या वाड्यातल्या माणसांच्या करवंट्या खोचलेल्या असत, ज्याची त्याची वेगळी. आपली काढायची, पुढं धरायची. हॉटेलवाला वरून धार धरायचा. चहा मनगटावर उडायचा, चटका बसायचा, तरी हात हलवायचा नाही. हात हलला तर चहा मातीत, आणि वर शिव्या. पिऊन झालं की करवंटी आपणच विसळायची, राख लावून. विसळून परत भोकात खोचायची. कुत्र्यानं तोंड घालू नये म्हणून पालथी.

जन्मभर तिनं हेच केलं. चहा प्यायला की हात आपोआप विसळायला निघायचे. तिला कोणी सांगावं लागायचं नाही. त्या दिवशी ओटीवर तिला कप मिळाला, बशी मिळाली, जाजम मिळालं. हात मात्र तेच होते. ह्यात हसण्यासारखं काय होतं ते त्या बायांनी मला सांगावं. अजूनही सांगावं.

चहा म्हणजे माझ्या आईचा जीव. पोटाला नसलं तर तिला चालायचं, चहा नसला तर नाही. आता तुम्ही म्हणाल, मोळी विकणाऱ्या बाईला रोजचा चहा परवडला कसा? ऐका. वकिलांच्या घरी दिवसभर काही ना काही उकळत असायचं. वकीलसाहेबांना उठल्या उठल्या जायफळ घातलेली कॉफी. कोर्टात जायच्या आधी चहा. चार वाजता आल्याचा चहा. पावसाळ्यात गवती चहा टाकून. पाहुणे आले तर वेलदोडा. आणि वकीलीणबाईंच्या म्हाताऱ्या सासूबाई माजघरात असायच्या, त्यांना सुंठीची कॉफी, सोवळ्यात केलेली. ह्या सगळ्याचा चोथा गंगू केळीच्या पानावर काढून ठेवायची. संध्याकाळी आई गेली की पान लांबून सरकवायची. आई ते पान पदरात बांधून घरी आणायची, चोथा सुपात पसरून वाळवायची, आणि सकाळी गूळ घालून परत उकळायची.

आम्ही दुसऱ्या पाण्याचा चहा प्यायचो. त्यांनी चोखून टाकलेला.

पण आईचा थाट बघायचा होता. भल्या सकाळी चुलीपुढं बसायची, भांड्यावर नाक धरायची. "आज वेलदोडा हाय गो बाय. काल वकिलांकडं पाव्हणे आलेले दिसतात." दुसऱ्या दिवशी, "सुंठ हाय. म्हातारीला खोकला झाला वाटतं." कॉफीचा गाळ आला की घरात सण. एकेक घोट तोंडात धरून ठेवायची, डोळे मिटून. मी लहानपणी तिच्या तोंडाकडं बघत बसायची. तिला इतकं सुखात मी दुसऱ्या कशानं बघितलं नाही. मलाही ती चव लागली. खोटं कशाला सांगू, चांगली लागायची. आपण काय पितो ते तोवर कळत नव्हतं.

कळलं मुंबईला. लग्न झालं, नवरा गिरणीत, त्यानं मला नेली. मलाही रिळं भरायच्या खात्यात काम मिळालं. पहिल्या रविवारी तो मला नाक्यावरच्या इराण्याकडं घेऊन गेला. खुर्चीवर बसवली. पुढ्यात कप आला. पहिल्या पाण्याचा दाट चहा प्यायले, आणि कप घेऊन उठले. इकडं तिकडं मोरी शोधायला लागले.

नवरा म्हणाला, "कुठं चाललीस? ठेव तिथंच."

"विसळायचा ना?"

"इथं आपण नाय विसळायचा. ठेव म्हणतो ना. उचलणारा हाय."

मी कप ठेवला. हात चोरून बसले. हॉटेलातला माणूस आला, माझा कप, शेजारच्या टेबलावरचा कप, त्याच्या पलीकडचा कप, सगळे एकाच हाताच्या बोटांत अडकवले आणि घेऊन गेला. कुणाचा कुठला, बघितलंसुद्धा नाही. मला रडू फुटलं. नवरा घाबरला, त्याला वाटलं जीभ भाजली.

कुणी म्हणेल, दुसऱ्यानं आपलं उष्टं उचललं ह्यात एवढं काय? ज्याचं उष्टं जन्मात कुणी उचललं नाही त्याला विचारा.

पुढं नवरा छातीनं गेला. कापसाचा कीस आत बसला होता, खोकून खोकून संपला. चाळीतली खोली सुटली. बोटीत बसून मी परत आईकडं आले. पदरात मूल नाही, हाताला काम नाही. गावच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागले. आणि सकाळी परत तोच चहा, दुसऱ्या पाण्याचा. पहिल्या दिवशी मला उमासे आले. आई म्हणाली, "मुंबईला जीभ चढली गो तुझी."

त्या सालांत रत्नागिरीत सुधारणेचं वारं सुटलं होतं. मोठमोठी माणसं सभा घेत, एका पंगतीला बसा म्हणत. आमचे वकीलसाहेबही त्यात शिरले. मग वकीलीणबाईंनी ठरवलं, आपण बायकांचं करायचं. सगळ्या जातींच्या बायकांचं चहापान. हळदीकुंकू का नाही केलं? कुंकू लावायचं तर कपाळाला बोट लावावं लागतं. चहाला ती अडचण नाही. कप पुढं ठेवला, वरून ओतला, झालं.

आईला मागीलदारी आमंत्रण मिळालं. "भागे, पुढच्या दारानं यायचं हो. लेकीलाही आण." आई घरी धावत आली, धाप लागलेली. आमच्या वाड्यातल्या दुसऱ्या बायांनाही बोलावणं होतं. त्या म्हणाल्या, "घरी जाऊन आंघोळी करतील नि आपल्याच नावानं खडे फोडतील. आमी नाय येत." आईनं त्यांना वेड्यात काढलं. लुगडं धुतलंन, वाळायच्या आत दोनदा हात लावून बघितलंन. मला म्हणाली, "पुढच्या दारानं गो बाय. पुढच्या दारानं." तिच्या त्या आनंदाला नाही म्हणायची ताकद माझ्यात नव्हती.

गेलो. ओटीवर जाजम होतं. आम्हाला बसवलं. शेजारी कोणी बसलं नाही, जरा जागा सुटली, पण जाजम एकच. हे मी मान्य करते. वकीलीणबाई किटली घेऊन आल्या.

"भागे, चहा घेणार की कॉफी?"

आई माझ्याकडं बघायला लागली. हा प्रश्न तिला आजवर कोणी केला नव्हता. भूक आहे का, असंसुद्धा कोणी विचारलं नव्हतं, आणि इथं विचारत होते, हे हवं की ते.

"कायपण चालंल, बायसाहेब."

"असं नाही गो. तुला आवडतं काय, ते सांग."

आईनं किटलीकडं नाक करून वास घेतलान. मग अगदी हळू म्हणाली, "कॉफी. जायफळाची."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हणाली, "अगोबाई, हिला जायफळाची बरीच ठाऊक!" ठाऊक असणारच. तुमच्या घरातला गाळ कुठं जातो, ते तुम्हाला ठाऊक नसेल.

वकीलीणबाईंनी कॉफी ओतली. किटली उंच धरली होती. इतर बायकांच्या कपाला किटली टेकत होती, आमच्या वेळी हात वर गेला. त्यांच्या लक्षातही आलं नसेल. त्यांच्याही हाताला सवय होतीच की. पण त्यांच्यावर कोणी हसलं नाही.

आई प्यायली. पहिल्या पाण्याची कॉफी, दुधाची, आयुष्यात पहिल्यांदा. डोळे मिटून घेतलेन. तिचं तोंड बघून मला वाटलं, जाऊ दे, एवढ्यासाठी तरी आलो ते बरं झालं. आणि मग ती उठली नि कप घेऊन मागं गेली. पुढचं सांगितलंच.

हसून झाल्यावर वकीलीणबाई म्हणाल्या, "राहू दे हो भागे. आता न्हाणीच्या पाण्यातला कप घरात कशाला आणायचा? तुझाच तो. राहू दे तिथंच. मोळी घेऊन येशील तेव्हा चहा त्यातच घालत जाऊ."

मग त्यांनी माझ्यापुढच्या कपाकडं पाहिलं. गंगू तबक घेऊन उभी होती, सगळ्यांचे कप गोळा केलेन आणि माझ्यापाशी येऊन थांबली. हात पुढं करीना. वकीलीणबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तूही टाक गो विसळून. दोघींचे असू देत बरोबर."

मी काही बोलायच्या आत आईनं माझा कप उचलला. आनंदानं. धावत गेली. गडग्यात दोन भोकं, दोन कप.

दुसऱ्या दिवशी आळीत बोभाटा झाला, वकिलांनी महारणींना ओटीवर चहा पाजला म्हणून. काहींनी नावं ठेवली, पुष्कळांनी वाहवा केली. आणि आमच्या वाड्यात आई सांगत फिरत होती, "मी आता करवंटीत पीत नाय. कपात पिते. माझा सोताचा कप हाय वकिलांकडं."

"आये," मी म्हटलं, "तो कप नाय. ती करवंटीच."

"करवंटीला कान असतो का गो?"

मी तिला सांगून पाहिलं. रागावून सांगितलं, समजावून सांगितलं. हॉटेलमागं उभी राहायचीस, आता वकिलांच्या मागं उभी राहतेस. गडगाच तो. धार वरूनच. विसळायचं तूच. फरक काय पडला? ती म्हणायची, "फरक चवीत पडला. चोथा नाय, पयला चहा देतात. कधी मधी." तेही खरं होतं. माझ्या बोलण्याला तिच्याकडं नेहमी उत्तर असायचं, आणि ते खरं असायचं, त्याचाच मला संताप यायचा.

वर्षभर मी त्या घराची पायरी चढले नाही. खडी फोडायची आणि गप बसायचं.

पुढच्या वर्षी परत चहापान निघालं. परत बोलावणं. मी नाही म्हटलं. आई हाता-पाया पडायला लागली. "तू नाय आलीस तर बायसाहेबांना वाईट वाटंल. तुला इचारलं त्यांनी. नाव घेऊन इचारलं." शेवटी म्हटलं, येते. पण ह्या वेळी मी मनाशी ठरवून गेले. काय करायचं ते ठरलं होतं. फार मोठं काही नव्हतं.

आम्ही पायऱ्यांशी पोचलो तर वकीलीणबाई ओटीवरून म्हणाल्या, "आलात? बसा बसा. भागे, आधी मागून तुमचे कप घेऊन ये हो."

आई गेली. गडग्यातले दोन्ही कप काढून, झटकून, घेऊन आली. माझ्यासमोर एक ठेवलान. दुसऱ्या बायकांपुढं घरातले कप, निळ्या काठाचे सगळे सारखे. आमचे दोन बाहेरचे, माझ्या वर्षभर पडून राहिलेल्या कपाच्या काठाला शेवाळ धरलेलं. जाजम एकच.

मी कॉफी मागितली. प्यायले. सावकाश प्यायले. चांगली होती, दूध दाट, जायफळ नुकतं उगाळलेलं. शेवटचा घोट घेतला आणि कप माझ्यापुढं जाजमावर ठेवला. हात मांडीवर घेतले.

आई तिचा कप घेऊन उठायला लागली. मी तिचा हात धरला.

"आये, बस."

"विसळून येते गो."

"बस. ठेव तिथंच."

गंगू तबक फिरवत आली. सगळे कप उचललेन, आमच्यापाशी थांबली. वकीलीणबाईंना वाटलं आम्ही विसरलो. "मागं ठेवून या हो नेहमीच्या जागी," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "सगळ्या बायकांचे इथून उचलले. आमचे पण इथूनच उचलू दे."

गंगू तबक घेऊन दोन पावलं मागं सरली.

गंगू म्हणाली, "मी नाय हात लावायची, बायसाहेब. मला आमच्या वाडीत घ्यायचे नाय." ती कुणबीण, गरीब, तिला स्वयंपाकघराच्या पडवीत वेगळा पेला होता. तिच्यावर माझा राग नव्हता.

"मग बाई, तुम्ही उचला," मी वकीलीणबाईंना म्हटलं. "तुम्ही तर शिवाशिव मानीत नाय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग कपाकडं. आणि खरं सांगते, मला वाटलं त्या उचलतील. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांचा हात थोडा पुढं आला होता. मी त्या हाताकडं बघत होते. आयुष्यात मी कुठल्या देवाकडं काही मागितलं नाही, त्या क्षणी मागितलं. उचल बाई. एवढा एक उचल. तू उचललास तर मागचं सगळं मी सोडून देईन.

आत माजघरात सासूबाई खाकरल्या. नुसत्या खाकरल्या. वकीलीणबाईंचा हात मागं गेला, आणि दुसऱ्या हातातल्या बांगड्या सारख्या करू लागला.

"उगाच वाद नको गो चांगल्या दिवशी," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुंबईला जाऊन आल्या की ह्या अशाच होतात. प्रेमानं बोलावलं तर डोक्यावर बसतात."

मी म्हटलं, "डोक्यावर नाय बाई. जाजमावरच बसलेय. कप पण जाजमावरच हाय."

तेवढ्यात आईनं हात हिसडला. माझ्या मुठीतून सोडवलान. माझा कप उचललान, तिचा उचललान, दोन्ही छातीशी धरलेन. "माफी करा बायसाहेब, पोरगी खुळी हाय, नवरा मेल्यापासून अशी करते," म्हणत, रडत, वाकत वाकत मागीलदारी गेली. न्हाणीच्या पाण्यात कप बुडवल्याचा आवाज मला ओटीवर ऐकू आला. मी उठले आणि पुढच्या पायऱ्यांनी उतरून चालती झाले. त्या दिवशी कोणी हसलं नाही. एवढंच मी कमावलं.

घरी आई माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मोळी घेऊन गेली तर गंगूनं लांबूनच हात हलवला, आज नको. तिसऱ्या दिवशीही नको. मग आळीतल्या दुसऱ्या घरांनीही नको म्हटलं. मोळी पडून राहिली. चोथा बंद झाला.

चहावाचून तिचं डोकं धरायचं. फडकं बांधून भिंतीला टेकून बसायची. मला बघवेना. खडीच्या मजुरीतून मी बाजारातून चहाच्या भुकटीची पुडी आणली, कोरी, कोणी न उकळलेली. गूळ घातला, आलं ठेचून घातलं. आमच्या घरात पहिल्या पाण्याचा चहा झाला. मी तिच्यापुढं ठेवला. मला वाटलं, आता हिला कळेल. आता ही समजेल मी काय म्हणत होते ते.

तिनं घोट घेतला आणि खाली ठेवला.

"ह्यात काय नाय," ती म्हणाली. "नुसता कडू हाय."

"आये, आपला हाय हा. आपल्या पैशाचा."

"त्यांच्या घरची चव नाय ह्याला." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "माझा चहा तोडलास तू. मला एवढंच होतं गो. एवढंच होतं आणि तेवढं तू तोडलंस."

मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. तिच्यावर? तिला काय ठाऊक होतं दुसरं? मी बाहेर जाऊन गडग्यावर बसले.

काही दिवसांनी ती मला न सांगता गेली. वकीलीणबाईंच्या पाया पडली असणार, लांबून. त्यांनी तिला परत घेतली. अट एकच, मी त्या वाटेला जायचं नाही. आई हसत घरी आली, पदरात केळीच्या पानाची पुरचुंडी. पुढं पाय चालत होते तोवर ती त्या गडग्याशी उभी राहून चहा प्यायली, विसळून ठेवत राहिली. मरायच्या आधी तापात बडबडायची, "कप विसळला का गो? राख नीट लाव." असं मरण कुणाच्या आईला येऊ नये.

ती गेल्यावर बाराव्याचे दिवस झाले, आणि गंगू आमच्या वाड्याच्या बांधाशी येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"बायसाहेबांचा निरोप हाय," ती म्हणाली. "झालं गेलं त्या विसरल्या. भागीच्या जागी तू मोळी घाल. चोथा मिळंल, कधी पयला चहा मिळंल. तुझा कप हायच तिथं."

तेव्हा रस्त्याचं काम संपलं होतं. चूल दोन दिवस पेटली नव्हती. गंगूला ते दिसत होतं. ती काही वाईट मनानं आली नव्हती.

मी म्हटलं, "बाईंना सांग, येईन. पुढच्या दारानं येईन, बसेन, पिईन आणि उठेन. कप उचलणारं कोणी घरात तयार झालं की बोलवा."

"अगो, अशानं उपाशी मरशील."

"मरेन."

गंगू गेली. निरोप तिनं तसाच्या तसा पोचवलान की नाही, ठाऊक नाही. बोलावणं आलं नाही. येणार नव्हतंच, ते मला तेव्हाही कळत होतं. वाड्यातल्या बायासुद्धा माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या नाहीत. त्या म्हणत, हिच्यामुळं आपल्याही मोळ्या बंद व्हायच्या. त्यांचंही खोटं नव्हतं. पुढं मी गवत कापलं, खडी फोडली, मेलेली जनावरं ओढायला मात्र गेले नाही. जिथं काम केलं तिथं लोक दुपारी लांबून चहाची धार धरायला आले, आणि मी हात पुढं केला नाही. म्हणाले, माजली. म्हणू देत.

चहाची तलफ मेलेली नाही. चार वाजले की डोकं धरतं, वरच्या आळीतून आल्याचा वास येतो, तोंडाला पाणी सुटतं. ती सवय मला आईकडून आली आणि ती जायची नाही. पण ज्या घरात माझं उष्टं उचलायला एक हात नाही, त्या घरचा घोट मी घेणार नाही. कोणी उचलेल अशी आशा मला राहिलेली नाही. मी विसळणार नाही, एवढं मात्र माझ्या हातात आहे, आणि ते मी मरेपर्यंत सोडणार नाही.